श्रवणातील पाठभेद : दृष्टिबाधित वाचकाची मराठी संहिता

पाठचिकित्सेचा अभ्यासक हस्तलिखित आणि मुद्रित अशा दोन अवस्थांतील संहिता गृहीत धरून आपले काम करीत आला आहे. गेल्या काही दशकांत संहितेला एक तिसरी अवस्था प्राप्त झाली आहे. संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावरील अक्षरे यंत्राच्या आवाजात ऐकून, किंवा ठिपके वरखाली होणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी चाचपून, दृष्टिबाधित वाचक पुस्तक वाचतो. ही सोय करून देणाऱ्या ॲप्सची चर्चा बहुधा समाजकल्याणाच्या किंवा तंत्रविद्येच्या सदराखाली होते. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः असे प्रत्येक ॲप मूळ संहितेची एक आवृत्तीच सिद्ध करीत असते. आवृत्ती म्हटली की तीत काही वगळणे आले, काही भर आली, पाठभेदही आले. तेव्हा ‘ॲप वाचून दाखवते की नाही’ एवढ्याच प्रश्नाने त्याचे परीक्षण पुरे होत नाही. ते कोणता पाठ वाचकाच्या हाती देते आणि त्या पाठाशी झगडण्याची किती मुभा देते, हा खरा प्रश्न आहे.

मराठी परंपरा मूलतः श्रवणाचीच आहे, मग श्रवणाने वाचणाऱ्यास उणे ते काय, असा आक्षेप येथे संभवतो. त्याच्या पुष्ट्यर्थ विदर्भातलेच उदाहरण देता येईल. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी अर्भकावस्थेतच गेली. तरीही इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी शास्त्रांचा व्यासंग केला आणि शंभराहून अधिक लहानमोठी प्रकरणे रचली. हे उदाहरण थोर आहे, परंतु ते आक्षेपास फारसे उपकारक नाही. असामान्य स्मरणशक्ती आणि हाकेसरशी ग्रंथ वाचून दाखविणारी माणसे, या दोहोंचा तेथे योग जुळला होता. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्यास हा योग येत नाही. शिवाय कीर्तनातील श्रोत्याने प्रवाहाबरोबर जावे, अशी अपेक्षा असते. संशोधकाला मात्र प्रवाह अडवावा लागतो, मागे फिरावे लागते, एकाच शब्दावर अर्धा तास थांबावे लागते. दुसऱ्याच्या सवडीने वाचणाऱ्यास हे संकोचाचे होते. यंत्राला मात्र तीच ओळ विसाव्यांदा वाचावयास सांगता येते. या साधनांचे खरे महत्त्व यातच आहे.

कायद्याची बाजू बऱ्याच अंशी मोकळी झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे सुगम रूपांतर करण्याची मुभा आली. २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारे भारत हे जगातील पहिले राष्ट्र ठरले, ते २०१४ मध्ये. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गावातील विद्यार्थ्याला याचे मोल विशेष आहे. मुंबई तेथून रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून अधिक दूर. ब्रेल ग्रंथाचे जाडजूड खंड टपालाने मागवावयाचे म्हटले तरी ते आधी कोणीतरी छापलेले असावे लागतात. आता विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर विनामूल्य मिळतो, ईस्पीकचा मराठी आवाज त्यासोबत येतो, आणि अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक असते. दार उघडले आहे. आतील संहितेची अवस्था काय, हे पाहावयाचे.

पहिली अडचण अक्षरांच्या मुळाशीच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि नंतरही पुष्कळ काळ, मराठी पुस्तके ज्या फाँटांत जुळविली गेली त्यांत पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत साठविलेला संकेत रोमन अक्षराचा असतो. डोळस वाचकाला ते पान निर्दोष दिसते; स्क्रीनरीडर मात्र त्यातून निरर्थक रोमन अक्षरांची रांग उच्चारतो. पानांची केवळ छायाचित्रे असलेली ई-पुस्तके तर मुकीच असतात. त्यांतून यंत्राने अक्षरे ओळखून काढावयाची, तर तेथे लिपिकाराच्या हस्तदोषाचा नवा अवतार भेटतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगराच्या ठिकाणी समुद्र येतो. ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले की स्वयंपाकघरातील मनुष्य एकदम व्यासपीठावर जाऊन बसतो. जुन्या हस्तलिखितांत असे दोष शोधण्याची शिस्त विद्यापीठांत शिकविली जाते. यंत्राने केलेल्या या प्रतींना मात्र कोणी प्रती मानीत नाही, म्हणून त्यांचे दोषही कोणी नोंदवीत नाही.

अक्षरे शुद्ध मिळाली तरी उच्चाराचा प्रश्न उरतो. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या ग्रंथांत ते जागोजाग आहेत. त्या काळचे ‘घरांत’ हे एकवचनही असू शकते, आजचे ‘घरांत’ अनेकवचनच. डोळस वाचकाला शेजारची ‘केलें’, ‘नाहीं’ ही रूपे दिसतात आणि जुने लेखन आहे हे तो तत्काळ ओळखतो. यंत्राच्या आवाजात ती खूण हरवते. अनुस्वाराचा नाद तेवढा उरतो आणि एका घराची अनेक घरे होतात. यंत्रावर रागावण्यात अर्थ नाही; अनुस्वारांचा हा पसारा माणसांनीच मांडला होता. उलट बाजूनेही हेच. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतील ‘ज’चा भेद लिपी दाखवीत नाही, वाचक तो अर्थावरून ठरवितो, यंत्र एकच उच्चार निवडते. ‘सुत’ आणि ‘सूत’ हे शब्द कानाला सारखेच. केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांचे ऱ्हस्वदीर्घ समजावे कसे? उत्तरपत्रिकेत मात्र त्याचे गुण जातात. म्हणून शब्द अक्षरशः फोडून ऐकण्याची सोय ज्या ॲपमध्ये सुलभ नाही, ते कादंबरी वाचण्यास कितीही सुखद असले तरी अभ्यासास अपुरे मानावे लागते. १९५१ मध्ये मान्य झालेली भारती ब्रेल येथे आजही अनिवार्य ठरते. कारण बोट अक्षर ओळखते, त्याला ऱ्हस्वदीर्घ कळते.

काव्याच्या बाबतीत तर हानी अधिकच. ओवी-अभंगाच्या पठणात शब्दान्तीचा ‘अ’ पुष्कळदा उच्चारला जातो. यंत्र आधुनिक गद्याच्या नियमाने तो गिळते. चरणाअखेरचा दंड वगळला गेला की दोन चरण एकमेकांत मिसळतात. उलट विरामचिन्हे वाचण्याची सूचना दिली, तर ओवीच्या मध्येच चिन्हांची नावे ऐकू येतात आणि तिची लय विस्कटते.

टिपणांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. डोळस वाचकाची संहिता आणि तिच्या कडेची टीप एकाच वेळी दृष्टीपुढे असतात. ऐकणाऱ्याला कान एकच मार्ग देतो. टीप लिहावयास तो वळला की वाचन थांबते, स्वतःच्या टिपणाचा प्रतिध्वनीही त्याच आवाजात उमटतो, आणि परतल्यावर वाक्य कोठे सोडले ते शोधावे लागते. ब्रेल डिस्प्ले जोडला म्हणजे संहिता कानाला आणि टीप बोटांना अशी विभागणी होते. आजवरच्या साधनांत कागदाच्या समासाशी खरे साम्य एवढ्याच व्यवस्थेत दिसते. परंतु ते यंत्र महाग आहे आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे. शिवाय टीप संहितेच्या नेमक्या शब्दाशी बांधलेली असावी, आणि ॲप बदलले तरी ती सोबत नेता यावी. अनेक ॲप्समध्ये ती त्या ॲपचीच बंदिवान राहते. डेझी आणि ईपब या पद्धतींत छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक संहितेत गुंफण्याची सोय आहे. पुष्कळ मराठी ई-पुस्तकांत ती वापरलेलीच नसते. मग प्रबंधात अवतरण द्यावयाचे, तर पृष्ठ कोणते म्हणून सांगावयाचे? येथे दृष्टिबाधित विद्यार्थी पुन्हा कोणातरी डोळस मित्राच्या सवडीवर येऊन थांबतो.

गोंदिया जिल्ह्यात आणखी एक गाठ पडते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो; ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ आहे. या बोलीतील लोकगीते किंवा झाडीपट्टीतील नाटके यांवर काम करणाऱ्याने बोलून टिपणे घेतली, तर ती लिहून घेणारे यंत्र शब्द प्रमाण मराठीकडे ओढते. संशोधनाचा विषयच त्यामुळे टिपणात पुसला जातो. पोवारीची स्थिती याहून बिकट. तिच्यासाठी प्रचलित साधनांत स्वतंत्र आवाजही आढळत नाही. अशा ठिकाणी बोलून लिहिण्यापेक्षा कळफलकावर किंवा ब्रेल कळांवर एकेक अक्षर लिहिणेच श्रेयस्कर, मग वेळ कितीही लागो.

या त्रुटींचा दोष केवळ ॲप रचणाऱ्यांकडे जात नाही. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले, आणि ‘शोधगंगा’वर मराठी प्रबंध मोठ्या संख्येने जमा झाले. त्यांतील कित्येक जुन्या फाँटांत जुळविलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. म्हणजे दृष्टिबाधित संशोधकाला आपल्या विषयावरील पूर्वसूरींचे काम सूचीत सापडते, उघडता येते, परंतु वाचता येत नाही. यावरचा उपाय मराठी विभागांच्याच हाती आहे : प्रबंध युनिकोडमध्ये जुळवावा, प्रकरणांची शीर्षके केवळ ठळक अक्षरांनी न दाखविता शीर्षक म्हणूनच नोंदवावीत, तळटिपा संहितेशी जोडाव्यात, आणि पीडीएफसोबत मूळ लेखनाची प्रतही जमा करून घ्यावी. यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. प्रबंध स्वीकारताना कार्यालयाने तो एकदा स्क्रीनरीडरवर उघडून पाहिला तरी बहुतेक दोष तेथल्या तेथे ऐकू येतील.