विश्व आलेखाच्या कागदावर?

‘विश्व ही संगणकावर चाललेली आज्ञावली आहे’ आणि ‘तसे नसल्याचे सिद्ध झाले’ अशा दोन्ही बातम्या वर्गात आल्या, मुलांना काय सांगावे, असे कळंब (जि. यवतमाळ) येथील एका शिक्षिकेने विचारले आहे. दोन्हींत सिद्धता नाही.

निक बॉस्ट्रॉम यांचा २००३ चा गाजलेला निबंध तत्त्वज्ञानाचा आहे. तो कोणतेही मोजमाप सुचवत नाही. भौतिकशास्त्राचा म्हणावा असा युक्तिवाद २०१२ साली बीन, दावूदी व सॅव्हेज यांनी केला. क्वार्कांची गणिते करताना अवकाश व काळ अखंड न घेता त्यांची जाळी कल्पितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी गणिते होत आली आहेत. तिथे जाळी म्हणजे बांधकामाची परांची. घरे लहान लहान करीत शेवटी ती काढायची असते. विश्वाच्या ‘बांधकामात’ ती तशीच राहिली असेल तर?

आलेखाच्या कागदावर मुंगी फक्त रेषांवरून चालते असे समजा. पूर्वेला ३ व उत्तरेला ४ घरे जायला तिला ७ घरे चालावे लागते. सरळ अंतर ५ च. जाळीत सर्व दिशा सारख्या नसतात. लांब तरंगांना हा भेद जाणवत नाही, घराएवढ्या आखूड तरंगांना जाणवतो. म्हणून सर्वाधिक ऊर्जेच्या विश्वकिरणांत दिशाभेद शोधावा, असे त्यांनी सुचवले. या किरणांच्या ऊर्जेला जी वरची मर्यादा दिसते, तिच्यावरून जाळीचे घर, असलेच तर, प्रोटॉनच्या साधारण लाख कोटीव्या भागाहून मोठे नाही, असे निघते.

कल्पना तपासता येते, हे मला आवडते. पण भेद न दिसल्यास ‘जाळी आणखी बारीक आहे’ म्हणता येते. आणि दिसल्यास? मिठाचा स्फटिकही जाळीदार असतो. त्यावरून कोणी त्याला संगणकावर चालवतो असे ठरत नाही. शिवाय विश्व चालवणारा आपल्या आजच्याच पद्धतीने गणित करतो, हे लेखकांनी गृहीत धरले आहे. तसे त्यांनी सांगितलेही आहे. बातम्यांतून तेवढेच गळते.

२०१७ साली उलट घडले. रिंगेल व कोव्रिझिन यांनी काही क्वांटम प्रणालींसाठी एक विशिष्ट संगणनपद्धती अपुरी पडते, असे दाखवले. वृत्तपत्रांनी त्यावरून संगणकीय विश्वच निकालात काढले. पण आपल्या संगणकाला न झेपणारे गणित त्या ‘बाहेरच्या’ संगणकालाही झेपणार नाही, हे कशावरून? त्याला आपलेच नियम लागू आहेत, हे कोणी तपासलेले नाही.