स्तंभाचे बकलिंग आणि प्रतिबल संकेंद्रण : यंत्ररचनेच्या अध्यापनाची समीक्षा

पदवीस्तरावरील पाठ्यपुस्तकांत ही दोन प्रकरणे सहसा दूरदूर येतात आणि दोन्हींचा शेवट एकेका सूत्रात होतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतो. पहिले अपयश दृढतेच्या अभावाचे, तर दुसरे स्थानिक सामर्थ्याचे, हा भेद मात्र त्याच्या हाती लागत नाही.

20 मिमी व्यासाचा, 1 मीटर लांबीचा आणि दोन्ही टोकांना बिजागरी असलेला पोलादी दांडा घ्यावा. ऑयलरच्या सूत्रानुसार तो सुमारे 15.5 किलोन्यूटन भाराला वाकतो. त्या वेळी सरासरी प्रतिबल अवघे 49 मेगापास्कल असते. साध्या पोलादाचे यील्ड प्रतिबल मात्र 250 च्या आसपास. येथे महागडे उच्चसामर्थ्य पोलाद वापरून काहीही साधत नाही, कारण स्थितिस्थापकता गुणांक जवळपास तोच राहतो.

छिद्राची गोष्ट वेगळी. रुंद पत्र्यातील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे किर्शने 1898 मध्ये दाखवले. स्थिर भाराखाली तन्य धातू तेथे स्थानिक यील्ड होऊन भार वाटून घेतो. आवर्ती भाराखाली तेथूनच श्रांतीची भेग सुरू होते. हा विवेक बहुतेक पुस्तके एका ओळीत उरकतात.

दोन्ही प्रश्न प्रत्यक्षात कसे भेटतात, यासाठी क्वेबेक पुलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मधला गाळा 1600 वरून 1800 फूट करण्यात आला, पण वाढलेल्या स्ववजनाचा हिशेब वेळेत नव्याने झाला नाही. खालच्या दाबसदस्यांचे भाग जोडणारी जाळीदार पट्ट्यांची बांधणी आणि तिचे रिव्हेट अपुरे होते. अशा जोडीव स्तंभात कर्तनामुळे क्षमता घटते, हे एंगेसरने 1891 मध्येच मांडले होते; ऑयलरच्या सूत्रात त्याला जागा नाही. कामावरील निरीक्षकांनी सदस्यांना आलेला बाक मोजला, तोही वाढत गेला. 29 ऑगस्ट 1907 रोजी पूल कोसळला. 75 कामगार मृत्युमुखी पडले. 1908 च्या चौकशी आयोगाने रचनाकारांच्या निर्णयातील चुकांवर बोट ठेवले.

पुढील प्रकरण क्वचितच शिकवले जाते. 1916 मध्ये त्याच जागी नव्या पुलाचा मधला गाळा उचलताना एका ओतीव आधाराचा भंग झाला आणि गाळा नदीत पडला. या वेळी स्तंभ शाबूत होते.