लोकखेळांचे पुनरुज्जीवन आणि ग्रामसभा : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

ग्रामीण लोकखेळांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा वारंवार होते. मात्र ते कोणाच्या निर्णयाने करावयाचे, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

महाराष्ट्रात देशी खेळांच्या जतनाचा रूढ मार्ग प्रमाणीकरणाचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोची नियमावली सिद्ध केली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. यामुळे खेळांना प्रतिष्ठा लाभली, हे निर्विवाद. परंतु मैदानाचे माप ठरले की नियम बदलण्याचा गावाचा अधिकार संपतो.

सातपुड्यातील चित्र वेगळे आहे. काठी (ता. अक्कलकुवा) येथील राजवाडी होळीत उंच बांबू उभारणे, त्यासाठी हातांनी खड्डा खोदणे, घुंगरू बांधून रात्रभर नाचणे यांत बळ व सहनशक्ती यांचा कस लागतो, तथापि तेथे विजेता नसतो. व्रताचे नियम समाजच ठरवितो व पाळतो. अशा कौशल्याला गुणपत्रिकेत बसविल्यास कसरत उरेल, तिच्यामागील समाजव्यवस्था उरणार नाही.

वेळापत्रकाचा प्रश्नही गौण नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी अनेक कुटुंबे होळीला परततात. हिवाळ्यात भरणाऱ्या क्रीडा महोत्सवात त्यांच्या मुलांना स्थान कोठून मिळणार? ही बाब पाड्यावरील माणसास सांगावी लागत नाही.

1996 च्या पेसा कायद्याने परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा व नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तरीही परंपरेचे निर्णय अन्यत्र होतात. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न केवळ गावावर सोपविता येत नाही, हे मान्य. पण शर्यतीची परवानगी जिल्हाधिकारी देतात, त्यात ग्रामसभेचे मत कोठे आहे?

अर्थात ग्रामसभेचे उदात्तीकरणही योग्य नव्हे. पारंपरिक पंचांत स्त्रियांचा आवाज क्षीण राहिला आहे; मुलींना मैदान नाकारणारी परंपरा जशीच्या तशी जपणे हे पुनरुज्जीवन नव्हे.

सारांश, खेळाचे साहित्य वाटण्यापूर्वी खेळ, काळ व नियम ठरविण्याचा अधिकार पाड्याच्या ग्रामसभेस, स्त्रियांच्या प्रत्यक्ष सहभागासह, मिळाला पाहिजे. अन्यथा खेळ राहील, पण तो गावाचा राहणार नाही.