बाप कुठून दिसतो?

मराठी सिनेमातल्या बापांचा विषय निघाला की गप्पा फार लवकर निकालावर येतात. हा बाप चांगला, तो वाईट. हल्ली वाईट बापासाठी ‘टॉक्सिक’ हा तयार शब्दही मिळालाय. शब्द उपयोगाचा आहे. जिथे मार खाण्यालाच संस्कार म्हटलं जायचं, अशा घरांतल्या मुलांना निदान तक्रार करायला भाषा मिळाली. पण सिनेमा बघताना हा शब्द लवकर दमतो. बाप कसा वागला एवढंच तो सांगतो. त्या वागण्याचं मुलाच्या आत पुढे काय झालं, ते सांगत नाही.

मला हे दोन सिनेमे शेजारी ठेवल्यावर जाणवलं. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ (२०२०). एकातला बाप गावकुसाबाहेरचा, मुलाला चारचौघांत बडवणारा. दुसऱ्यातला मुंबईचा, मध्यमवर्गीय, मुलाला गाण्याची गोडी लावणारा. कोणाचं मूल जास्त मोडेल, याचं उत्तर आपण सिनेमा बघण्याआधीच देऊन टाकू. सिनेमे मात्र ते उत्तर देत नाहीत. (दोन्हींच्या शेवटांबद्दल पुढे लिहिलंय. पाहिले नसतील तर आधी पाहून या.)

‘द डिसायपल’मधला शरद नेरूळकर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकतोय. त्याचे वडील हयात नाहीत. स्वतः गायक म्हणून ते पुढे आले नाहीत, पण गाण्याचं वेड त्यांनी मुलात पेरलं. ते आपल्याला शरदच्या आठवणींत तुकड्यातुकड्यानं भेटतात. किरण यज्ञोपवीत यांनी हा बाप साकारलाय. तो राक्षस नाही. मुलाला जवळ घेतो, शिकवतो, आपल्याला जे सर्वात मोलाचं वाटतं ते त्याला देतो. खेळायच्या वयातलं मूल रियाजाला बसतं, त्यात सक्ती आहेच, पण माया इतकी मिसळलेली की सक्ती वेगळी काढता येत नाही.

सिनेमा आपल्याला इथेच अडकवतो. शरदला बापाविरुद्ध बंड करायचं झालं तर कशाविरुद्ध करणार? बापानं त्याला कपडे, करिअर, जात, बायको असं काही लादलेलं नाही. त्यानं कान दिलाय. चांगलं काय आणि सवंग काय, कोणत्या गायकापुढे मान झुकवायची आणि कोणत्या गाण्याला नाक मुरडायचं, हे ठरवणारा कान. शरद स्वतःच्या गाण्याला नापास करतो तेही याच कानानं. म्हणजे त्याच्यातला गायकही बापानं घडवलेला आणि परीक्षकही.

रात्रीच्या मुंबईत शरद मोटरसायकलवरून संथ गतीनं जातोय आणि हेडफोनमध्ये माईंची व्याख्यानं चालू आहेत, ही या सिनेमाची सर्वांना लक्षात राहणारी दृश्यं. माई आपल्याला कधी दिसत नाहीत. दिवंगत सुमित्रा भावे यांचा आवाज फक्त ऐकू येतो. साधना, त्याग, एकटेपण यांबद्दल त्या बोलतात. ही दृश्यं इतकी सुंदर आहेत की ती शरदच्या समर्पणाची वाटतात. दुसऱ्यांदा बघताना मला त्यात दुसरंही काही दिसलं. बाप गेल्यावर रिकामी झालेली जागा शरदनं आवाजानं भरली आहे. घरातल्या बापाशी निदान भांडता येतं. कानात वाजणाऱ्या टेपशी काय भांडणार? म्हणून एक संग्राहक जेव्हा माईंबद्दल कडवट किस्से सांगू लागतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. त्याच्यासाठी तो माईंचा अपमान नाही. ज्या घरात तो राहतो त्या घराचा पायाच कोणीतरी उकरतंय.

आता ‘फँड्री’कडे या. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याचा बाप कचरू माने गावात पडेल ते काम करतो. मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, म्हणून गावातली डुकरं पकडायचं काम अंगावर घेतो. किशोर कदम, म्हणजे आपले कवी सौमित्र, यांनी हा माणूस जवळजवळ पाठीच्या कण्यानंच उभा केलाय. बोलायच्या आधीच वाकणारी पाठ. जब्याला हेच नको असतं. त्याला शाळा हवी, जीन्स हवी, शालूनं आपल्याकडे बघायला हवं.

शेवटच्या अर्ध्या तासात सगळं गाव, शाळेतली मुलं, खुद्द शालू बघत असताना या कुटुंबाला डुकराच्या मागे धावावं लागतं. जब्या लपतो. बाप त्याला शोधून काढतो आणि सगळ्यांसमोर बडवतो. हा मार बघवत नाही. आणि तो समजूनही घेता येतो, हे त्याहून अवघड आहे. कचरूचा हात जब्यावर पडतो तेव्हा त्यात संताप कमी आणि भीती जास्त आहे. काम झालं नाही तर काय होईल, हे या माणसाला आयुष्यभराच्या अनुभवानं पाठ आहे. मुलानं ही भीती वेळेवर शिकावी, म्हणजे तो निदान जिवंत राहील, हेच त्याचं पालकत्व. मी याला चांगलं म्हणत नाही. पण यात निवड करायला कचरूला जागा किती होती, हे न विचारता त्याला वाईट बापांच्या यादीत टाकणं म्हणजे त्या कुंपणावर बसून हसणाऱ्या गावकऱ्यांच्या शेजारी जाऊन बसणं आहे.

आणि तरीही जब्या दगड उचलतो. बापावर नाही, हसणाऱ्यांवर. शेवटचा दगड तर थेट पडद्याबाहेर, आपल्याच दिशेनं येतो.

हे कसं झालं? मार खाणारं मूल बंड करतं आणि माया मिळालेलं मूल करत नाही, असा सोयीचा अर्थ काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. मार खाऊन कायमची मान खाली गेलेली मुलं आपल्या आजूबाजूला ढिगानं आहेत. मला वाटतं, फरक मारण्यात वा न मारण्यात नाही. फरक बाप कुठून दिसतो यात आहे. जब्याला बाप बाहेरून दिसतो. गावासमोर वाकलेला, हाका मारून बोलावला जाणारा, राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून डुक्कर समोर असतानाही जागच्या जागी उभा राहावं लागणाऱ्या कुटुंबातला माणूस. बापाच्या हातातली काठी कुठून आली, हे त्या पोराला डोळ्यांनी दिसलंय. म्हणून दगड योग्य दिशेनं जातो. डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात. जब्याच्या रागाला पत्ता आहे, हे दिग्दर्शक तिथेच सुचवून ठेवतो.

शरदला बाप कधी बाहेरून दिसतच नाही. तो आतच आहे, आवडीनिवडीच्या रूपात. संगीताच्या जगातला एक धडपडणारा, अपुरा राहिलेला, कदाचित स्वतःवरच नाराज असलेला माणूस म्हणून शरदनं त्याच्याकडे बघितलं असतं तर? तर कदाचित तो बापावर दया करू शकला असता, आणि मग स्वतःवरही.

बापाला बाहेर काढून त्याच्याकडे नीट बघण्याचं काम मराठीत एका पुस्तकानं फार मोकळेपणानं केलंय. नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३). नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईत आलेले, बाबासाहेबांच्या चळवळीनं घडलेले दामोदर जाधव निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून स्वतःच्या आठवणी लिहून काढतात, आणि पुस्तक त्यावर उभं राहतं. या आग्रहाकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. मुलानं बापाला सांगितलं, तुमचं तुम्ही लिहा. बाप हा फक्त माझ्या आयुष्यावर झालेला परिणाम नाही, त्याचीही एक गोष्ट आहे, ती माझ्या जन्माआधी सुरू झाली, हे त्यात मान्य केलेलं आहे. बापाची थोरवी सांगणारी पुस्तकं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण बापाच्या हातात पेन देणारी थोडी.

दोन्ही सिनेमांबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. बाप काय देतो याची गोष्ट आपण सांगतो तेव्हा ती बहुतेकदा मुलग्यापाशीच थांबते. कचरू जी डुकरं पकडतो ती मुलीच्या लग्नासाठी. त्या लग्नाचं ओझं सगळ्या कथेला ढकलतं, पण त्या मुलीला हा बाप कसा दिसतो हे कॅमेरा विचारत नाही. बाप वाकला की मुलग्याला लाज वाटते. आपल्यासाठी वाकला हे कळणाऱ्या मुलीला काय वाटत असेल? तो सिनेमा अजून व्हायचाय.

‘द डिसायपल’च्या शेवटी शरद लोकलमध्ये बसलेला आहे, सोबत बायको आणि लहान मुलगी. मैफलीचं गाणं त्यानं सोडलंय. डब्यात एक गाणारा माणूस येतो आणि साधंसं लोकगीत गातो. बहुतेक समीक्षकांनी इथे शरदच्या चेहऱ्याबद्दल लिहिलंय, कलावंताच्या पराभवाबद्दल लिहिलंय. माझं लक्ष त्या मुलीकडे जातं. शरद आता बाप आहे. ती हे गाणं ऐकतेय, आणि हे गाणं चांगलं की सवंग हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. शरद गप्प बसून राहतो. आयुष्यभर बापाच्या कानानं ऐकलेल्या माणसाला आपल्या मुलीसाठी याहून मोठं काही करता येईल, असं मला वाटत नाही.