बुडालेल्या वास्तूंचा कालनिर्णय : पळसदेव व सुंची

इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें देऊळ भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयांत बुडालें. हें धरण १९८० सालीं पूर्ण झालें. पाणी फार ओसरलें म्हणजे देऊळ उघडें पडतें, इंदापूर-बारामतीकडील मंडळी तें पाहावयास जातात, आणि त्याचीं वर्णनें प्रसिद्ध होतात. त्यांपैकीं बहुतेकांत 'हेमाडपंती' या एका शब्दावर कालनिर्णय उरकलेला असतो. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. हेमाद्रि हा तेराव्या शतकांतील यादवांचा प्रधान. चुन्यावांचून दगड रचण्याची रीत त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ (इ. स. १०६०) मधील आहे. तेव्हां हा शब्द बांधणीचा वाचक होय, काळाचा नव्हे.

बुडालेल्या अवशेषांचा काळ कसा ठरवावा, याचा कित्ता गोव्यास आहे. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं सुंची खडकापाशीं उथळ पाण्यांत एका फुटलेल्या गलबताचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व चिनी भांडीं यांच्या तुलनेनें तें पोर्तुगीज व्यापारांतील, सतराव्या शतकांतील ठरलें. कोणत्याही रूढ नांवाचा आधार तेथें घ्यावा लागला नाहीं.

पळसदेवास हीच शिस्त हवी. उघडीप अल्पकाळ टिकते. वारंवार भिजून वाळणाऱ्या बांधकामाचे सांधे सुटत जातात. यास्तव पुढील उघडिपींत मोजमाप, नकाशा व प्रत्येक शिल्पाचें मूळ स्थान नोंदावें, आणि सुटा दगडहि कोणीं हलवूं नये. स्थान गेलें कीं दगड उरतो, पुरावा उरत नाहीं.