गुणपत्रिका कोणाची? : उद्योजकाच्या आत्मपरीक्षणाची चिकित्सा

'सार्वत्रिक माणूस' या कल्पनेची चिकित्सा दलित समीक्षेने साहित्याच्या क्षेत्रात पुष्कळ केली आहे. प्रस्थापित समीक्षा ज्याला केवळ 'माणूस' म्हणत होती त्याला घर होते, जमीन होती, जात होती आणि गावात मान होता. फक्त त्याचा उल्लेख करण्याची तिला गरज वाटत नव्हती. हे आता नव्याने सांगायला नको. परंतु हाच सार्वत्रिक माणूस साहित्याबाहेर इतर अनेक ठिकाणी सुखाने नांदतो आहे, आणि तेथे त्याला कोणी हटकत नाही. त्यांपैकी एका ठिकाणी मी पोटासाठी दररोज जातो. मी वाणिज्य शाखेत शिकवतो. 'उद्योजकता विकास' हा विषय माझ्याकडे आहे, आणि त्या विषयाच्या आरंभी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेण्याची प्रथा आहे. यशस्वी उद्योजकाला लागणारे व्यक्तिगुण आपल्या अंगी आहेत की नाहीत, हे विद्यार्थ्याने स्वतःच तपासायचे असते. तुम्हाला धोका पत्करायला आवडते काय? अपयश आल्यास तुम्ही परिस्थितीला दोष देता काय? अनोळखी माणसाला आपले म्हणणे सहज पटवून देता काय? प्रत्येक उत्तराला गुण असतात. शेवटी बेरीज करायची. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर धंद्यात पडावे, खाली राहिली तर नोकरी पाहावी.

हा कागद निरुपद्रवी दिसतो. पण ज्या मुलांना आजवर कोणीही 'तू कोण होऊ शकशील?' असे विचारलेले नाही, त्यांच्या हाती तो पडतो तेव्हा त्याला निकालपत्राचे वजन येते. म्हणून एखाद्या कादंबरीची करावी तशी त्याची समीक्षा केली पाहिजे. तो कोणाला उद्देशून लिहिला आहे आणि त्यातला 'तुम्ही' कोण आहे, हे पाहिले पाहिजे.

या कागदाचे कुळ थोडक्यात सांगतो. धर्मश्रद्धा आणि भांडवलशाही यांचा संबंध मॅक्स वेबरने मांडला. तोच धागा पकडून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ साली असे प्रतिपादन केले की राष्ट्राची आर्थिक भरभराट त्यातील माणसांच्या 'सिद्धिप्रेरणे'वर, म्हणजे काही करून दाखवण्याच्या आंतरिक ओढीवर अवलंबून असते. ही ओढ मोजण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या देशांतील मुलांच्या क्रमिक पुस्तकांतल्या गोष्टी तपासल्या. साहित्याच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. पुढे १९६४ साली आंध्रातील काकिनाडा येथील व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत या प्रेरणेचे शिक्षण देण्यात आले आणि त्याचा वृत्तान्त १९६९ साली ग्रंथरूपाने आला. शिक्षण घेतलेल्यांनी न घेतलेल्यांपेक्षा धंद्यात अधिक हालचाल केली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर १९८३ मध्ये अहमदाबादेत आणि १९८८ मध्ये औरंगाबादेत उद्योजकता विकासाच्या संस्था उभ्या राहिल्या आणि हा विचार शिबिरांतून अभ्यासक्रमांत आला.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मॅक्लेलंड यांच्या मांडणीत आपल्या दृष्टीने एक मुक्तिदायी बीज होते. धंदा हा वाण्या-मारवाड्याच्या रक्तात असतो, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये, ही या देशातली जुनी समजूत. उद्योजकता शिकता येते असे म्हणणे हा त्या समजुतीवर घाव होता. परंतु आपल्या वर्गांपर्यंत येता येता शिकता येणारी गोष्ट 'अंगच्या गुणां'त जमा झाली. रक्ताच्या जागी स्वभाव आला, एवढाच फरक पडला. शिवाय काकिनाड्याचे ते विद्यार्थी आधीपासूनच धंद्यात होते. ज्यांच्या हाती पेढीचा कारभार होता त्यांच्यातच शिक्षणाचा परिणाम ठळक दिसला. म्हणजे मनातली ओढ फळाला यायची तर हातात काही सत्ता असावी लागते. ही गोष्ट प्रश्नावलीतून गळून पडली.

आता प्रश्नांकडे वळू.

पहिला प्रश्न धोक्याचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने 'धोका पत्करायला आवडते काय?' यापुढे 'नाही' अशी खूण केली. तिची बेरीज रेषेच्या खाली आली. या मुलीची आई भाजी विकते आणि मुलगी कॉलेजला येण्यापूर्वी पहाटे बाजार समितीत जाऊन माल उचलते. भांडवल सावकाराचे. २,००० रुपये मागितले की २०० आधीच कापून १,८०० हातात पडतात आणि आठ दिवसांत पुरते २,००० फेडायचे असतात. पाऊस आला तर माल सडतो, पोलीस आला तर हातगाडी हलवावी लागते. मी तिला म्हटले, "तू तर रोजच धोका पत्करतेस." ती म्हणाली, "सर, त्यात आवडायचा प्रश्न कुठे येतो?" प्रश्नावलीवरचे याहून नेमके भाष्य मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. धोका ही आवड असू शकते ती ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याची. पडला तरी तो बापाच्या घरात पडतो. आमच्याकडे पहिल्या पगारावर सात-आठ तोंडे असतात. घरातला पहिला पदवीधर कायम नोकरी धरून बसतो तेव्हा त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब बरोबर असतो.

दुसरा प्रश्न दोषाचा. अपयशाचा दोष परिस्थितीला देणारा माणूस दुबळ्या मनाचा, असे ही प्रश्नावली गृहीत धरते. हे गृहीत ज्युलियन रॉटर यांच्या १९६६ च्या मापनपट्टीवरून आले आहे. आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या हाती आहे असे मानणारे एका बाजूला आणि तो बाहेरच्या शक्तींच्या हाती आहे असे मानणारे दुसऱ्या बाजूला. पण अवघ्या तीन वर्षांत, १९६९ साली, पॅट्रिशिया गुरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील काळ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवून दिले की या पट्टीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. 'मी काही करू शकतो' हा स्वतःविषयीचा विश्वास एक, आणि 'ही व्यवस्था माझ्या आड येते' ही समज दुसरी. ज्या विद्यार्थ्यांना दुसरी समज होती ते हातपाय गाळून बसलेले नव्हते. काळ्यांना आजवर बंद असलेल्या व्यवसायांची स्वप्ने तेच पाहत होते आणि सामूहिक लढ्यालाही तेच अधिक तयार होते. काळ्या साहित्याशी आपण नाते सांगत आलो. या काळ्या विद्यार्थ्यांशीही ते सांगायला हवे. दैववाद आणि व्यवस्थेचे ज्ञान यांत भेद आहे. बाबासाहेबांनी आपल्याला पहिल्यातून बाहेर काढले आणि दुसरे हाती दिले. या प्रश्नावलीत दोहोंना एकच शून्य मिळते.

तिसरा प्रश्न माणसे जोडण्याचा. येथे इतिहासच साक्षीला बोलावतो. बडोद्याहून १९१७ साली परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्र शिकलेला तो माणूस. जिद्द, अभ्यास, धाडस, वाणी, यांतला कोणता गुण कमी होता? सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले तेव्हाही हेच घडत होते. चहा चांगला होता, जागा स्वच्छ होती, तरी सवर्ण गिऱ्हाईक फिरकत नव्हते. मग शाहू महाराज आपली गाडी त्या दारात थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. गंगारामांच्या अंगचे गुण महाराजांच्या येण्याआधी जेवढे होते तेवढेच नंतरही होते. बदलले ते गिऱ्हाईक.

जोतीराव फुल्यांचेच पाहा. पुण्यात त्यांनी कंत्राटाची कंपनी चालवली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा धंदा जोडलेला होता. समाजकारणाला लागणारे स्वातंत्र्य त्यांना या धंद्याने दिले. पण त्यांचे गिऱ्हाईक कोण होते? सरकारी बांधकामे. गावच्या पेठेबाहेरची बाजारपेठ उघडली होती म्हणून माळ्याच्या मुलाच्या गुणांना वाव मिळाला. गुण माणसात असतात हे खरे, पण त्यांचे मोल दोन माणसांच्या व्यवहारात ठरते, आणि त्या व्यवहारात जात मध्ये उभी असते.

चौथा प्रश्न घासाघीस करण्याचा. याचे उत्तर माझ्या घरात आहे. माझे आजोबा घायपात ठेचून वाख काढत आणि त्याचे कासरे, दावी, मोटेचे नाडे वळत. घरातल्या बाया शिंदीच्या केरसुण्या बांधत. माल उत्तम होता आणि मागणी पक्की होती. नव्हती ती फक्त किंमत. सुगीला खळ्यावर जे पडेल ते बलुते घ्यायचे. किती दोर दिले, किती धान्य आले, हे विचारणे म्हणजे माज. पुढे नायलॉनचा दोर आला आणि खळ्यावरचे बोलावणेही थांबले. ज्या समाजाला आपल्या मालाची किंमत उच्चारण्याची शतकानुशतके बंदी होती त्याच्या नातवाला 'तुम्हाला भाव ठरवता येतो काय?' असे विचारून शून्य द्यायचे, याला मूल्यमापन म्हणायचे काय? कोल्हापुरी चपलेचे तेच. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने तशाच चपला मिरवल्या तेव्हा प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर ऋण मान्य केले. कातडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या चर्मकाराकडे कौशल्य नाही असे कोणीच म्हणत नाही. किंमत ठरण्याची जागा त्याच्यापासून दूर आहे. १९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक निबंधात बाबासाहेबांनी दाखवले होते की धंदा बदलण्याची मुभा नाकारून जातिव्यवस्था स्वतःच बेकारी निर्माण करते. त्या मुद्द्याला ही एक पुस्ती.

यावर कोणी म्हणेल, मग यशस्वी झालेल्या दलित उद्योजकांचे काय? २००५ साली त्यांची स्वतंत्र वाणिज्य संघटना स्थापन झाली. कल्पना सरोज, मिलिंद कांबळे यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. या यशाचा मला अभिमान आहे. माझा आक्षेप आहे तो यशोगाथा सांगण्याच्या रीतीला. तीत जिद्द राहते आणि बाकीचे सारे पुसले जाते. कोणी जामीन राहिले, कोणत्या कायद्याने वा धोरणाने दार उघडले, पाटीवर आडनाव लिहिले की झाकले, हे सांगितले जात नाही. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के हिस्सा ठेवण्यात आला. २०१६ च्या 'स्टँड अप इंडिया' योजनेत १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली. हे शाहू महाराजांच्या त्या चहाचेच आधुनिक रूप आहे. ते वगळून सांगितलेली यशोगाथा अपयशी माणसाच्या तोंडावर मारण्याच्या कामी येते. अमेरिकेतील अभ्यासक विल्यम गार्टनर यांनी १९८८ सालीच म्हटले होते की उद्योजक कोण असतो हा प्रश्नच चुकीचा आहे, तो काय करतो ते पाहावे. मी त्यात एक भर घालीन. त्याला ते कोण करू देतो, तेही पाहावे.

तर मग आत्मपरीक्षण टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. सगळा दोष व्यवस्थेच्या खाती लिहून मोकळे होणे हीही एक फसवणूकच आहे आणि ती आपण आपलीच करतो. बाबासाहेबांची शिकवण स्वतःला कठोरपणे तपासण्याची आहे. प्रश्न मात्र आपले हवेत. ते मी वर्गात फळ्यावर लिहितो. रोजचा जमाखर्च रोज लिहिण्याची सवय तुला आहे काय? धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवता येतो काय? बहिणीच्या लग्नासाठी भांडवल मोडायची वेळ आली तर नाही म्हणशील काय, आणि म्हटलेस तर घरात कोण तुझ्या बाजूने उभा राहील? आपल्याच वस्तीतल्या माणसाकडे उधारी मागताना जीभ अडखळते काय? महामंडळाचे कर्ज फेडायचे असते हे मनाशी पक्के आहे काय? दोन महिने उधारीवर माल देईल असा एक तरी व्यापारी ओळखीचा आहे काय? आडनाव कळल्यावर जे टिकेल ते गिऱ्हाईक कोणते? धंदा बुडाला तर कोणाचे जेवण बंद होईल?

यांतले काही प्रश्न स्वतःला विचारायचे आहेत. त्यांची उत्तरे सवयीने, शिक्षणाने बदलता येतात आणि बदललीच पाहिजेत. हिशेब न लिहिण्याला कोणतीही जात कारण होऊ शकत नाही. उरलेले प्रश्न बँकेला, बाजाराला, सरकारला आणि आपल्या संघटनांना विचारायचे आहेत. दोन याद्या वेगळ्या करता येणे ही मी उद्योजकतेची पहिली पायरी मानतो. जो दुसरी यादीही स्वतःच्याच माथी घेतो तो उमेदीच्या वयात खचतो. जो पहिलीही बाहेर ढकलतो त्याचे दुकान सहा महिन्यांत बंद पडते.

आपल्या चळवळीने शिक्षणाचा आणि नोकरीचा विचार जेवढ्या बारकाईने केला तेवढा धंद्याचा केलेला नाही. राखीव जागा आटत चालल्या असताना तो टाळता येणार नाही. आपली मुले उद्या दुकाने काढतील, कंत्राटे घेतील, कारखाने चालवतील. त्यांच्यासाठी भाषांतरित प्रश्नावल्या पुरणार नाहीत. हातगाडीवर, विटभट्टीवर, गटईच्या पेटीपाशी आपली माणसे रोज जे व्यवहार करतात त्यांची नोंद कोणीतरी बसून केली पाहिजे. त्यांतली किती कसबे कोणत्याही गुणपत्रिकेत अजून आलेली नाहीत, हे तेव्हा कळेल. वाणिज्य शिकवणाऱ्या आपल्यातील प्राध्यापकांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.