वृक्ष आणि उंचवटे : गोल्फ होलच्या रचनेतील दोन साधनांचा चिकित्सक विचार

गोल्फमध्ये ‘होल’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. चेंडू अखेरीस ज्यात पडतो ती खळी हा त्याचा मर्यादित अर्थ. रचनाकाराच्या दृष्टीने मात्र टीपासून ग्रीनपर्यंतचा संपूर्ण भूभाग, त्यावरील गवत, वाळूचे बंकर, पाणी, झाडे आणि मातीचे चढउतार यांसह, होल या संज्ञेत येतो. प्रस्तुत लेखात यांपैकी वृक्ष आणि उंचवटे या दोन घटकांचाच विचार केला आहे. दोन्ही घटक नैसर्गिक वाटतात. त्यामुळे त्यांच्या योजनेमागील हेतू, आणि हेतूचा अभावही, सहसा नजरेआड राहतो.

वृक्षाचा अंमल हवेत चालतो, उंचवट्याचा जमिनीवर. झाड चेंडूचा मार्ग अडविते आणि खेळाडूला त्यावरून, खालून किंवा वळणाने जाण्यास भाग पाडते. उंचवटा चेंडू अडवीत नाही. पडलेल्या चेंडूला तो दिशा देतो. चेंडू पायांच्या पातळीहून वर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे झुकतो, खाली असेल तर उजवीकडे. शिवाय ग्रीनच्या अलीकडे उभा असलेला उंचवटा मधली जमीन झाकतो व अंतर आहे त्याहून कमी भासवितो. दृष्टिभ्रमाचे हे तंत्र डॉ. अॅलिस्टर मॅकेन्झी यांनी जाणीवपूर्वक वापरले. पेशाने वैद्य असलेल्या मॅकेन्झींनी बोअर युद्धात शत्रूने भूप्रदेशाचा आडोशासाठी केलेला उपयोग पाहिला होता, आणि मैदानाच्या रचनेत त्यांनी तीच दृष्टी आणली. दोहोंत आणखी एक भेद आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. उंचवटा घडविल्याप्रमाणे राहतो. झाड वाढते, पसरते आणि एक दिवस मरते. रचनाकाराने आखलेला होल आणि तीस वर्षांनंतर प्रत्यक्ष खेळला जाणारा होल यांत अंतर पडते ते बहुधा झाडांमुळे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल हे मैदान या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बॉबी जोन्स आणि मॅकेन्झी यांनी ते एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर उभारले. पहिली स्पर्धा १९३४ च्या मार्चमध्ये झाली. मॅकेन्झी त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. तेव्हा आपली कृती जपण्यास ते हयात नव्हते, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

ऑगस्टाच्या सतराव्या होलवर फेअरवेच्या डाव्या बाजूस, टीपासून सुमारे २१० यार्डांवर, लॉब्लॉली पाइन जातीचा सुमारे ६५ फूट उंचीचा वृक्ष होता. क्लबचे सदस्य असलेले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चेंडू त्यावर इतक्या वेळा आदळले, की १९५६ साली क्लबच्या बैठकीत त्यांनी तो तोडावा असा प्रस्ताव मांडला. अध्यक्षस्थानी असलेल्या क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी बैठकच तहकूब केली. वृक्ष वाचला आणि आयझेनहॉवरांच्या नावानेच ओळखला जाऊ लागला.

ही आख्यायिकेसारखी कथा नेहमी कौतुकाने सांगितली जाते. परंतु त्याच दशकात, त्याच रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत, आठव्या होलच्या ग्रीनभोवतीचे मॅकेन्झींचे उंचवटे प्रेक्षकांना खेळ नीट दिसावा या विचाराने सपाट करण्यात आले. आठवा होल चढावरचा आणि लांब. त्याच्या ग्रीनला बंकर नाहीत. उंचवटे हेच त्याचे संरक्षण आणि उंचवटे हीच त्याची वाट. योग्य बाजूने आलेला चेंडू त्यांच्यामधून आत वळतो, चुकलेला त्यांच्या पाठीमागे अडकून पडतो. ते काढल्यावर उरला तो केवळ लांबीमुळे अवघड असा होल. ज्या संस्थेने राष्ट्राध्यक्षांच्या शब्दाखातर एक झाड तोडले नाही, तिने रचनेचा गाभा मात्र फारसा गाजावाजा न होता खणून काढला. झाडाला नाव होते, चेहरा होता. मातीला तो नव्हता. रॉबर्ट्स यांच्या निधनानंतर १९७९ साली जोसेफ फिंगर आणि बायरन नेल्सन यांनी हे उंचवटे पुन्हा उभारले. उंचवटा असा परत घडविता येतो. आयझेनहॉवर वृक्ष २०१४ च्या फेब्रुवारीतील हिमवादळाने मोडला, आणि तो परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

वृक्षांच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद असा, की ती काढल्यास खेळ सोपा होतो. पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट हे त्याचे सबळ खंडन आहे. १९०३ साली हेन्री फाउन्स यांनी उघड्या माळावर आखलेल्या या मैदानात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेसाठी हजारो झाडे लावली गेली. नव्वदच्या दशकात ती तोडण्यास प्रारंभ झाला तोही अंधारात, सदस्यांच्या रोषाच्या भीतीने! हजारो झाडे गेल्यानंतर २००७ च्या यू. एस. ओपनमध्ये विजेत्याची धावसंख्या, म्हणजे फटक्यांची बेरीज, पारपेक्षा पाचने अधिक होती. २०२५ मध्ये चार फेऱ्यांअंती पारच्या खाली राहिलेला खेळाडू एकच होता. काठिण्य झाडांत नव्हते, ग्रीनच्या उतारांत आणि खाचखळग्यांत होते. झाडांनी फक्त वारा, ऊन आणि दूरवरचे दृश्य अडविले होते.

वृक्षाचा सर्वांत उघड दुरुपयोग ओहायोतील इनव्हरनेस येथे १९७९ च्या यू. एस. ओपनमध्ये झाला. लॉन हिंकल या खेळाडूने पहिल्या दिवशी आठव्या होलवर झाडांमधील फटीतून शेजारच्या सतराव्या फेअरवेवर चेंडू मारून अंतर वाचविले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फटीत एक स्प्रूस उभा होता. हिंकलने तरीही तीच वाट धरली. येथे झाड हे रचनेचे अंग उरलेच नाही. तो नियमाच्या जागी ठोकलेला खुंट होता.

तथापि उंचवट्यांचा कैवार घेताना सर्व उंचवटे एका मापाने मोजणे योग्य नव्हे. फ्लोरिडातील सॉग्रास येथे पीट डाय यांनी दलदलीच्या सपाट जागेत प्रेक्षकांना बसण्यासाठी मातीचे उंच बांध घातले. तेथे त्यांचे प्रयोजन स्पष्ट आणि प्रामाणिक आहे. त्यानंतरच्या काळात मात्र बुलडोझरच्या सोयीमुळे फेअरवेच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची टेकाडे रचण्याची रीत पडली. बाहेर जाणारा चेंडू ती आत लोटतात, शेजारचा होल झाकतात आणि खेळाडूला निर्णयाच्या कष्टातून मोकळे करतात. अशा टेकाडांचे काम दाट लावलेल्या झाडांच्या ओळीहून वेगळे नाही. दोन्ही भिंतीच, एक हिरवी उभी, दुसरी हिरवी आडवी. आठव्या ग्रीनभोवतीचे उंचवटे भिंत ठरत नाहीत, कारण कोणत्या बाजूने यावे हा प्रश्न ते दुसऱ्या फटक्याच्या वेळीच, ग्रीन दृष्टीस पडण्यापूर्वी, खेळाडूपुढे ठेवतात.